बुद्धिबळ शिकायचंय: हाताने सोडवायचे धडे की व्हिडिओ?

बुद्धिबळ शिकायचं ठरवून मोबाइल हातात घेतला की दोन वाटा फुटतात. एकीकडे यूट्यूब. मास्टर, ग्रँडमास्टर तासन्‌तास बोलतायत, पटावर बाण काढतायत, आपण चहा घेत बघायचं. दुसरीकडे लिचेस, चेस डॉट कॉम, चेसेबल या संकेतस्थळांवरचे इंटरॅक्टिव्ह धडे. तिथे चाल तुम्ही करायची आणि चुकली की लगेच कळतं. दोन्हीकडे चांगला माल आहे, आणि सुरुवातीला लागेल तेवढा फुकटही आहे. गोंधळ होतो तो त्यामुळेच.

'दोन्हींत चांगलं कुठलं?' असं कुणी विचारलं की मी उलट विचारते: उत्तर कळायच्या आधी तुम्ही स्वतः चाल ठरवली होती का? ठरवली असेल तर व्हिडिओनेही शिकाल. ठरवली नसेल तर इंटरॅक्टिव्ह धड्यात नुसतं बोट फिरवूनही हाती काही लागणार नाही. खालचा क्रम या एका कसोटीवर बेतलेला आहे. मी नोकरी सांभाळून, मोठ्या वयात शिकले. नंतर आमच्या सोसायटीतल्या मुलांना आणि त्यांच्या आईबाबांना मार्गी लावताना हाच क्रम वापरला.

काय काय लागेल

- मोबाइल चालेल, पण जमल्यास लॅपटॉप किंवा टॅब. छोट्या पडद्यावर बोट घसरून नको त्या घरात चाल पडते.
- एक ईमेल पत्ता. लहान मुलासाठी खातं उघडत असाल तर तुमचाच द्या.
- खरा पट आणि मोहरे. स्पर्धेतल्या पटाचं घर ५ ते ६ सेंटिमीटरचं आणि राजा साधारण साडेनऊ सेंटिमीटर उंच असतो. घडी होणारा प्लास्टिकचा पट पुरेसा आहे. काचेचे, संगमरवरी पट शोकेससाठी.
- एक वही. हो, वहीच.
- पैसे: सध्या शून्य.

१. आधी घरचे नियम बाजूला ठेवा

आपल्याकडे बरेच जण आजोबांकडून किंवा मामाकडून खेळायला शिकलेले असतात. ते 'मला चाली येतात' म्हणत पहिला टप्पा ओलांडतात आणि पुढे अडखळतात. जुन्या देशी पद्धतीत प्यादं सुरुवातीला एकच घर चालायचं, राजाला एकदा घोड्यासारखी उडी मारता यायची, आणि शेवटच्या रांगेत पोचलेलं प्यादं त्या घरच्या मोहऱ्याचं रूप घ्यायचं. आंतरराष्ट्रीय नियमांत प्यादं पहिल्या चालीला दोन घरं जाऊ शकतं. राजाची उडी नाही, त्याऐवजी किल्लेकोट, म्हणजे कॅसलिंग (राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवणं) आहे. प्याद्याचं वजीर, हत्ती, उंट, घोडा यांपैकी काहीही करता येतं. आधीचा वजीर पटावर असतानाही दुसरा वजीर घेता येतो. हे ऐकून पन्नाशीतल्या लोकांचे चेहरे बघण्यासारखे होतात.

यासाठी व्हिडिओ नको. लिचेसवर 'लर्न' नावाचा विभाग आहे. त्यात एकेक मोहरा घेऊन पटावरचे तारे गोळा करायचे असतात. मग मारणं, वाचवणं, शह देणं, शहातून सुटणं, एका चालीत मात आणि पुढे कॅसलिंग, एन पासान (नुकतंच दोन घरं चाललेलं प्यादं शेजारच्या प्याद्याने मारणं), स्टेलमेट (शह नाही, पण करायला चालही नाही, म्हणून बरोबरी) असे छोटे धडे येतात. लिचेस २०१० मध्ये तिबो द्युप्लेसी या फ्रेंच प्रोग्रामरने सुरू केलं. ते ना-नफा तत्त्वावर चालतं, त्यावर जाहिराती नाहीत आणि पैसे भरून उघडणारं काहीही नाही. भाषांच्या यादीत मराठीही आहे, भाषांतर मात्र सगळीकडे पूर्ण नाही.

मराठी माध्यमातल्या मुलासाठी इंटरॅक्टिव्ह धड्याचा हा मोठा फायदा आहे. भाषा जवळजवळ लागतच नाही, पट बोलतो. चांगले व्हिडिओ बहुतेक इंग्रजीत आणि काही हिंदीत आहेत. दहा वर्षांच्या मुलाची निम्मी ताकद तिथे इंग्रजी समजून घेण्यातच जाते.

याच टप्प्यावर घरांची नावं पाठ करा. ए ते एच हे आठ उभे पट्टे, १ ते ८ या आठ आडव्या रांगा. लिचेसवर 'कोऑर्डिनेट्स' नावाचा सराव आहे. पडद्यावर घराचं नाव येतं, तुम्ही ते घर दाबायचं. रोज दोन-तीन मिनिटं पुरतात. हे आलं नाही तर पुढे व्हिडिओत कुणी 'घोडा एफ५ ला' म्हणालं की तुम्ही घर शोधत बसाल आणि तो चार चाली पुढे गेलेला असेल.

२. मात करायला शिका, यंत्रासमोर

नवशिक्यांचे जिंकलेले डाव सुटतात ते इथे. पटावर वजीर जास्त आहे, समोर एकटा राजा आहे, आणि शेवटी बरोबरी. कारण स्टेलमेट.

राजा-वजीर विरुद्ध एकटा राजा ही मात कशी करायची याचा व्हिडिओ पाच मिनिटांत समजतो. प्रत्यक्ष करायला बसलं की हात अडतो. काळा राजा ए८ च्या कोपऱ्यात आहे, तुमचा वजीर बी६ वर आला. शह नाही, पण राजाला ए७, बी७, बी८ यांपैकी एकही घर मोकळं नाही. खेळ संपला, अर्धा गुण. कोपऱ्यातल्या राजापासून वजीर घोड्याच्या उडीएवढ्या अंतरावर ठेवायचा नाही, ही गोष्ट ऐकून कळते. पण ती हातात येते स्वतः दोन-तीनदा स्टेलमेट करून चरफडल्यावरच.

लिचेसच्या 'प्रॅक्टिस' विभागात या माता कॉम्प्युटरविरुद्ध करून दाखवाव्या लागतात. क्रम असा ठेवा: दोन हत्तींची मात, राजा-वजिराची मात, राजा-हत्तीची मात. उंट-घोड्याची मात सध्या विसरा, वर्षानुवर्षं खेळणाऱ्यांवरही ती वेळ क्वचित येते. त्यानंतर त्याच विभागातले पिन, फोर्क, स्क्यूअर आणि उघडा हल्ला या डावपेचांचे धडे घ्या.

इथवर येईपर्यंत एकही व्हिडिओ बघितला नाही तरी काही बिघडत नाही.

३. नुसतं बघून 'आलं' असं का वाटतं

हा टप्पा करायचा नसून समजून घ्यायचा आहे, पण गाळू नका.

मायकल कार्डास आणि एड ओब्रायन या संशोधकांचे काही प्रयोग २०१८ मध्ये 'सायकॉलॉजिकल सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. एका प्रयोगात लोकांना डार्ट फेकण्याचा व्हिडिओ दाखवला, काहींना एकदा, काहींना वीस वेळा. वीस वेळा बघणाऱ्यांना आपण जास्त गुण मिळवू असं वाटत होतं. प्रत्यक्ष डार्ट हातात दिल्यावर ते एकदा बघणाऱ्यांपेक्षा सरस ठरले नाहीत. वाढला होता तो आत्मविश्वास.

बुद्धिबळात हे कसं दिसतं ते एका ओपनिंगवर, म्हणजे डावाच्या सुरुवातीवर, पाहा. नवशिक्यांच्या डावांत पांढरा वारंवार असं खेळतो: १. ई४ ई५ २. वजीर एच५. लवकर मात द्यायचा बेत. याला उत्तर शिकवणारे व्हिडिओ खंडीभर आहेत आणि बहुतेक बरोबरही आहेत. काळ्याने २... घोडा सी६ खेळून ई५ चं प्यादं राखायचं. पांढऱ्याने ३. उंट सी४ केलं की एफ७ वर मातेची धमकी येते. मग ३... जी६ खेळून वजिराला हाकलायचं. तो एफ३ वर जाऊन पुन्हा एफ७ कडे बघू लागला की ४... घोडा एफ६. झालं, काळ्याचा डाव सुरेख उभा राहिला.

व्हिडिओ बघितलेल्याच्या डोक्यात यातलं काय उरतं? 'वजीर एच५ ला आला की जी६.' मग तो खऱ्या डावात दुसऱ्याच चालीला जी६ खेळतो. पांढरा तिसऱ्या चालीला वजिराने ई५ चं प्यादं मारून शह देतो. त्या एकाच चालीत राजाला शह आहे, आणि जी७ रिकामं झाल्यामुळे एच८ चा हत्तीही वजिराच्या तिरप्या माऱ्यात आहे. शह अडवावाच लागतो, हत्ती जातो. चाल बरोबर होती, वेळ चुकली. व्हिडिओतल्या शिक्षकाला तुमच्या डोक्यात नेमकं काय बसलं हे कळायला मार्ग नाही. इंटरॅक्टिव्ह धड्यात दुसऱ्या चालीला जी६ केलंत की तो तिथेच अडवतो.

तुमच्याकडे पट असेल तर हे वाचून पुढे जाऊ नका. मांडा, दोन्ही क्रम खेळा.

४. आता व्हिडिओ, पण निवडून

इतकं वाचून मी व्हिडिओच्या विरोधात आहे असं वाटेल. तसं नाही. एक गोष्ट अशी आहे की ती कोड्यांतून आणि धड्यांतून जवळजवळ मिळत नाही: पटावर शह नाही, मात नाही, काही मारायला नाही, अशा शांत स्थितीत चांगला खेळाडू काय विचार करतो? कुठला घोडा कुठे न्यायचा, कुठला उंट मारामारीत द्यायचा नाही, घड्याळात किती वेळ खर्चायचा. हे ऐकावंच लागतं.

म्हणून व्हिडिओ निवडताना एकच गोष्ट बघा: बोलणारा स्वतः खेळताना विचार उघड करतो का? अमेरिकन ग्रँडमास्टर डॅनियल नारोदित्स्की (ऑक्टोबर २०२५ मध्ये ते अवघ्या २९ व्या वर्षी गेले) कमी रेटिंगपासून (रेटिंग म्हणजे खेळाडूची ताकद सांगणारा आकडा) सुरू करून वर चढत जाणारे डाव खेळायचे आणि प्रत्येक डावानंतर थांबून शिकवायचे. जॉन बार्थोलोम्यू यांची मूलतत्त्वांवरची मालिका जुनी आहे, पण तिचा पहिलाच भाग 'राखण नसलेले मोहरे' या विषयावर आहे आणि नवशिक्याला सर्वांत आधी तेच हवं असतं. सेंट लुइस चेस क्लबची व्याख्यानं वर्गात मुलांसमोर दिलेली असतात. तिथे वक्ता प्रश्न विचारतो, उत्तरासाठी थांबतो. ती थांबण्याची जागा तुमच्यासाठीही आहे. हिंदी-इंग्रजीतून भारतीय खेळाडूंचे डाव आणि मुलाखती हव्या असतील तर मुंबईच्या सागर शहा यांचं चेसबेस इंडिया आहे.

टाळायचे व्हिडिओ ओळखणं सोपं आहे. 'पाच चालींत जिंका', 'हा सापळा कुणालाच माहीत नाही', 'जगातली सर्वांत अद्भुत चाल'. करमणूक म्हणून खुशाल बघा, मीही बघते. अभ्यासाच्या वेळेत धरू नका.

मोठ्या स्पर्धांच्या थेट प्रक्षेपणाचंही तसंच. जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने बाटुमीला कोनेरू हम्पीला टायब्रेकमध्ये हरवून महिला विश्वचषक घेतला आणि त्याच विजयाने ती ग्रँडमास्टर झाली. त्याच वर्षी खुल्या गटाचा विश्वचषक गोव्यात झाला. घरोघरी लोक स्क्रीनच्या कडेची काळी-पांढरी पट्टी वरखाली होताना बघत बसले. ती पट्टी इंजिनचं, म्हणजे चाली तपासणाऱ्या कॉम्प्युटर प्रोग्रामचं, मत आहे. ती झाका (चिकटपट्टीचा कागद चालतो) आणि पुढची चाल आधी स्वतः सांगा. मग प्रक्षेपणही अभ्यास होतो.

५. व्हिडिओ बघायची रीत

१. समोर खरा पट मांडून बसा. पडद्यावरची प्रत्येक चाल हाताने करा.

२. शिक्षक 'आता इथे काळा काय करेल?' असं म्हणाला की व्हिडिओ थांबवा. तो म्हणाला नाही तरी मारामारी सुरू व्हायच्या आधी थांबवा.

३. तुमची चाल वहीत लिहा. मनात धरून चालत नाही. उत्तर कळल्यावर मन बेमालूमपणे 'मीही तेच म्हणत होतो' असं सांगतं. वही खोटं बोलत नाही.

४. चालीच्या पुढे समोरच्याचं उत्तर लिहा. एक चाल पुरेशी.

५. मग पुढे बघा.

असं केल्यावर वीस मिनिटांचा व्हिडिओ पाऊण तास घेतो. घेऊ द्या. दीडपट वेगाने बुद्धिबळाचे व्हिडिओ बघणारी माणसं मला माहीत आहेत. त्यांना कुठे जायची घाई असते, देव जाणे.

६. व्हिडिओतून स्वतःचा इंटरॅक्टिव्ह धडा बनवा

सगळ्या लेखातलं एकच काही करणार असाल तर हे करा.

लिचेसवर 'स्टडी' नावाची सोय आहे. नवी स्टडी उघडा, ती खासगी ठेवा. व्हिडिओत जिथे तुमची चाल चुकली ती स्थिती 'एडिटर'मध्ये मांडा आणि एक चॅप्टर करा. चॅप्टर बनवताना पद्धत विचारली जाते, तिथे 'इंटरॅक्टिव्ह लेसन' निवडा. मग बरोबर चाली करा. तुमची चुकलेली चालही बाजूची शाखा म्हणून घाला आणि ती का चालत नाही ते स्वतःच्या शब्दांत, मराठीत, लिहा. आता हीच स्टडी परत उघडून 'प्रिव्ह्यू' दाबलं की ती तुम्हाला प्रश्न विचारेल. एका स्टडीत ६४ चॅप्टर मावतात.

आठवड्याने सोडवा, मग महिन्याने. मधलं अंतर महत्त्वाचं. रोडिगर आणि कार्पिके यांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांवर प्रयोग केला होता. एकाने उतारा पुन्हा पुन्हा वाचायचा, दुसऱ्याने एकदा वाचून मग न बघता आठवायचा. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून बघणारे पुढे गेले. व्हिडिओ दुसऱ्यांदा बघणं म्हणजे पुन्हा वाचणं. तुमची स्टडी म्हणजे आठवून बघणं.

चेसेबल हे संकेतस्थळ याच तत्त्वावर उभं आहे. चाल विसरलात की ती लवकर परत येते, लक्षात राहिली की उशिरा. तिथे छोटे फुकट कोर्स मिळतात, सुरुवातीला तेच घ्या. विकतच्या कोर्ससोबत बऱ्याचदा व्हिडिओची जोड वेगळी विकली जाते आणि तिची किंमत मूळ कोर्सपेक्षा बरीच जास्त असते. पहिल्या वर्षात ती घ्यायची गरज नाही.

७. इंटरॅक्टिव्ह धड्यांचे सापळे

*अंदाजपंचे चाल.* हत्ती चालून बघितला, लाल. वजीर चालून बघितला, लाल. उंट चालला, हिरवा. पुढे. कोडं सुटलं, शिकलात काही नाही. नियम ठेवा: पहिली चाल चुकली की कोडं चुकलं. उरलेलं उत्तर बघून वहीत त्याचा क्रमांक टाका.

*इशाऱ्याचं बटण.* लहान मुलं ते इतक्या सफाईने दाबतात की शेजारी बसलेल्या आईलाही कळत नाही.

*कोड्याला माहीत असतं की काहीतरी आहे.* हा सर्वांत खोल सापळा. कोडं समोर आलं म्हणजे इथे मात किंवा मोहरा मिळणारच, ही खात्री तुम्हाला फुकट मिळते. खऱ्या डावात कुणी खांद्यावर थाप मारून 'आता बघ' म्हणत नाही. त्यामुळे कोड्यांचं रेटिंग डावाच्या रेटिंगपेक्षा शेकड्यांनी जास्त दिसतं. ते बघून हुरळू नका, आणि डावात हरल्यावर खचूही नका. उपाय एकच: डावात प्रत्येक चालीआधी स्वतःलाच विचारा, समोरच्याने आत्ता केलेल्या चालीने काय मोकळं पडलं? माझा कुठला मोहरा राखणीविना आहे?

*मालिका आणि सलग दिवस.* धडा रोज उघडला की ठिणग्या, पदकं, सलग दिवसांचा आकडा. घड्याळ लावून कोडी फोडायचे खेळ मजेचे आहेत, पण त्यांत तुम्हाला आधीच येतं तेवढंच झपाट्याने येतं. दिवसाला दहा कोडी, प्रत्येकी निदान दोन मिनिटं, उत्तराची पूर्ण ओळ डोक्यात झाल्याशिवाय मोहऱ्याला हात नाही. शंभर कोड्यांच्या भरधाव फेरीपेक्षा हे जड जाईल. लिचेसच्या पझल डॅशबोर्डवर तुम्ही कुठल्या प्रकारात कच्चे आहात ते दिसतं आणि चुकलेली कोडी पुन्हा सोडवता येतात. महिन्यातून एक रविवार त्याला द्या.

चेस डॉट कॉमचे धडे थोडे वेगळे आहेत. आधी छोटा व्हिडिओ, मग त्याच विषयावरची सोडवायची स्थिती. कल्पना चांगली आहे. फुकट खात्यात मात्र धड्यांवर आणि कोड्यांवर मर्यादा असते, आणि ती संपली की वर्गणीची पाटी येते. ती आली की लिचेसवर जा. एकाच ठिकाणी निष्ठा दाखवायचं काही कारण नाही.

८. खेळा, आणि स्वतःचा डाव हाच धडा

धडे आणि व्हिडिओ यांच्या मध्ये डाव हवाच. प्रत्येकी पंधरा मिनिटं आणि दर चालीला दहा सेकंद जादा, असा वेळ निवडा. तीन मिनिटांचे डाव सध्या नकोत.

डाव संपला की इंजिन चालू करू नका. आधी वहीत दोन ओळी लिहा: मला कुठे बिनसल्यासारखं वाटलं आणि का. मग लिचेसवर कॉम्प्युटरचं विश्लेषण मागवा. ते आल्यावर 'लर्न फ्रॉम युअर मिस्टेक्स' असं बटण दिसतं. ते तुमच्याच डावातल्या चुकलेल्या जागा एकेक करून समोर ठेवतं आणि तुमच्याकडून चांगली चाल शोधून घेतं. इतका नेमका इंटरॅक्टिव्ह धडा कुठलाही शिक्षक आयता देत नाही. तिथे जी अडचण पुन्हा पुन्हा दिसेल तिच्यावर व्हिडिओ शोधा. हत्तीच्या शेवटात सतत हरताय? लुसेना आणि फिलिडोर या स्थितींवरचा व्हिडिओ बघायची आता वेळ झाली. आधी बघितला असता तर डोक्यावरून गेला असता.

वेळेची वाटणी साधारण अशी: सुरुवातीच्या काही महिन्यांत निम्मा वेळ धडे आणि कोडी, उरलेल्यातला बहुतेक डाव आणि त्याचं विश्लेषण, व्हिडिओ आठवड्यातून एक. फुकटात मोहरे देणं थांबलं की व्हिडिओ वाढवा.

९. ऑनलाइन क्लास लावण्याआधी

लाइव्ह क्लास म्हणजे आपोआप इंटरॅक्टिव्ह, असं नाही. वीस-पंचवीस मुलं म्यूटवर आणि सर बोलतायत, तर तो व्हिडिओच. फरक एवढाच की थांबवता येत नाही. फी भरण्याआधी डेमो घ्या आणि विचारा: तुकडीत मुलं किती? तासाभरात माझं मूल स्वतः किती स्थिती सोडवेल? सर त्याचे स्वतःचे डाव बघतील का? मध्येच सोडलं तर पैसे परत मिळतात का? दुसऱ्या प्रश्नाला 'आमचा सिलॅबस खूप मोठा आहे' असं उत्तर आलं तर नमस्कार करून निघा. वर्षाची फी एकरकमी भरू नका.

लहान मुलाचं खातं असेल तर लिचेसवर 'किड मोड' चालू करा, अनोळखी लोकांशी गप्पा बंद होतात. चेस डॉट कॉमने मुलांसाठी चेसकिड हे वेगळं संकेतस्थळच ठेवलं आहे.

१०. पडद्यावरून पटावर

पडद्यावर शिकलेल्याला खऱ्या पटावर पहिल्यांदा बसवलं की तिरप्या रेषा दिसत नाहीत. कोपऱ्यातला उंट थेट आपल्या हत्तीवर टपलाय हे लक्षात येत नाही. शिवाय पडद्यावर मोहरा उचलला की कुठे जाता येईल तिथे ठिपके उमटतात. पटावर ते कुणी काढून देत नाही. हे ठिपके लिचेसच्या सेटिंगमध्ये बंद करता येतात. पहिल्या महिन्यानंतर करून टाका.

स्पर्धेत हात लावलेला मोहरा चालावाच लागतो. लांब वेळेच्या डावात प्रत्येक चाल लिहावी लागते (वहीची सवय इथे कामी येते), घड्याळ ज्या हाताने चाल केली त्याच हाताने दाबायचं असतं आणि मोबाइल सभागृहाबाहेर ठेवायचा. नोंदणीसाठी जन्मतारखेचा पुरावा आणि फोटो स्कॅन करून तयार ठेवा. रेटिंग स्पर्धेसाठी अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघाकडे खेळाडू म्हणून नोंदणी आणि फिडेचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाचा, ओळख क्रमांक लागतो. तुमचं लिचेसवरचं रेटिंग तिथे कुणी विचारणार नाही, त्याची मोजपट्टीच वेगळी आहे. फिडेच्या यादीत मार्च २०२४ पासून १४०० च्या खाली रेटिंगच नाही. त्यामुळे ऑनलाइन १४०० आणि तिथले १४०० यांची तुलना करून कुणाला कमी लेखू नका. समोर बसलेला दहा वर्षांचा मुलगा असला तरी.

पहिल्या स्पर्धेच्या आधीचा आठवडा नवीन काही बघू नका. रोजची दहा कोडी पडद्यावरून बघून खऱ्या पटावर मांडा, पटाकडे बघूनच सोडवा, उत्तर वहीत लिहा आणि मग पडद्यावर ताडा. त्यासोबत घरातल्या कुणाला तरी समोर बसवून घड्याळासह दोन पूर्ण डाव खेळा. हात लावला की चाल, हा नियम लावूनच.